रिव्ह्यू मीटिंग आली की पोटात गोळा येतो
"मॅडम, काम येतं मला, पण चार लोकांसमोर बोलायचं म्हटलं की आवाजच फुटत नाही." माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांपैकी कितीतरी जण हेच सांगतात, शब्द थोडे इकडेतिकडे. त्यातल्या एकाचं सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

वय तिशीतलं, कामात एकदम पक्का, नुकताच टीम लीड झालेला. आणि तिथेच घोळ झाला कारण आता दर महिन्याच्या रिव्ह्यूत वरिष्ठांसमोर आकडे त्यालाच मांडायचे असतात. आदल्या रात्री झोप नाही, सकाळी पोट बिघडणार, बोलायला उभा राहिला की हात थरथरणार, एकदा तर बरं नाही सांगून सरळ रजाच टाकली.

तयारी कशी करतोस विचारलं तर म्हणाला सगळं लिहून पाठ करतो, भराभर बोलून मोकळा होतो, कोणाकडे बघत नाही आणि स्लाइड बदलायचा रिमोट घट्ट धरून ठेवतो म्हणजे थरथर दिसणार नाही. आता गंमत बघा, भीती टिकवून ठेवणारं हेच सगळं आहे! घट्ट धरलं की हात जास्तच थरथरतो, पाठ केलेलं एक वाक्य निसटलं की पुढचं सगळं जातं, आणि मीटिंग बरी गेली तरी मन म्हणतं, पाठांतर होतं म्हणून वाचलास. क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये हे चक्र नीट मांडलंय. त्यातली कळीची गोष्ट म्हणजे घाबरलेल्या माणसाचं सगळं लक्ष स्वतःकडेच असतं, धडधड किती होतेय, आवाज कापतोय का, आणि आत जे होतंय ते सगळ्यांना दिसतंय असं तो धरूनच चालतो.

म्हणून त्याला मोबाईलवर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करायला लावलं. बघायच्या आधी काय दिसेल ते लिही म्हटलं. त्याने लिहिलं, थरथर दहापैकी नऊ, चेहरा लालबुंद. व्हिडिओ बघितला, मागे नेऊन परत बघितला. "हात तर हलताना दिसतच नाहीये." दिसलं एवढंच की बोलतोय फार भरभर.

मग पाठांतर बंद. सुरुवातीची दोन वाक्यं पक्की, बाकी नुसते मुद्दे. रिमोट सैल धरायचा, आणि कोण लिहून घेतंय, कोणाच्या कपाळाला आठी पडली इकडे बघायचं. हे सगळं आधी टीममधल्या दोघातिघांसमोर हां, एकदम मोठ्या मीटिंगमध्ये नाही. सावकाश श्वास सोडायलाही शिकवते मी, पण धडधड गेलीच पाहिजे या हट्टाने केलं तर उलटंच होतं.

मधेच विचारत होता, मित्राकडची प्रोप्रॅनोलॉलची गोळी घेऊ का. धडधड, थरथर त्याने कमी होते हे खरंय, पण दमा असेल तर ती धोक्याची ठरू शकते, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही.

गेल्या रिव्ह्यूत साहेबांनी नेमका त्याच्याकडे नसलेला आकडा विचारला. "आत्ता नाहीये सर, संध्याकाळपर्यंत पाठवतो." साहेब "बरं" म्हणून पुढच्या स्लाइडवर गेले. धडधड होतेच अजून, रजा मात्र टाकत नाही.