हरभऱ्याची मर, मुलीचं एमएस्सी आणि नोकरीचा प्रश्न

प्रश्न: मुलगी बीएस्सी अ‍ॅग्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे (लातूर जिल्हा) हरभरा दरवर्षी मरीने वाळतो, म्हणून तिला रोगप्रतिकारक वाण तयार करण्याचं शिक्षण घ्यायचंय. यात नोकरी मिळेल का? की बँकेच्या कृषी अधिकारी परीक्षेला बसवू? – एक पालक

उत्तर: नमस्कार. आधी हे काम काय असतं ते पाहू.

मर फ्युजेरियम बुरशीमुळे येते. ती मुळातून शिरून झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नलिका बंद पाडते. हरभरा नसला तरी जमिनीत सहा वर्षं टिकते, म्हणून एखाद्या वर्षाच्या फेरपालटाने जात नाही. मुख्य आधार प्रतिकारक वाणाचाच. त्यासाठी दोन शाखा लागतात. वनस्पती प्रजननवाला संकर आणि निवड करतो. रोगशास्त्रवाला रोग हमखास येईल असा ‘सिक प्लॉट’ राखतो.

या प्लॉटमध्ये मेलेली झाडं वर्षानुवर्षं मातीत मिसळलेली असतात. चाचणीच्या ओळींमध्ये ठरावीक अंतराने जेजी ६२ हा मरीला बळी पडणारा वाण पेरतात. तोच जगला, तर रोग पुरेसा आला नाही आणि त्या हंगामाचे आकडे बाद. उगवलेल्या झाडांपैकी १० टक्के किंवा त्याहून कमी मेली तर ती ओळ, म्हणजे तिच्यात पेरलेलं वाण, प्रतिकारक. मोजणी पहिल्या महिन्यातच उरकली, की उशिरा मरणाऱ्या ओळीही प्रतिकारक ठरतात. म्हणून घाटे धरेपर्यंत पुन्हा पुन्हा मोजावं लागतं. बुरशीच्या रेस १ (तिच्या अनेक उपप्रकारांपैकी एक) विरुद्ध तीन जनुकं माहीत आहेत: एकटं असलं तर झाड फक्त उशिरा मरतं, कोणतीही दोन एकत्र आली तर तगतं. अशी जोडणी डोळ्यांनी कळत नाही, तिथे डीएनए मार्कर (जनुक झाडात आहे का ते दाखवणाऱ्या डीएनएवरच्या खुणा) उपयोगी पडतात. कर्नाटकातल्या अ‍ॅनिगेरी १ या वाणात डब्ल्यूआर ३१५ या मर-प्रतिकारक हरभऱ्याचा प्रतिकार मार्करच्या मदतीनेच आणला; त्यातून ‘सुपर अ‍ॅनिगेरी १’ आला. नेहमीच्या पद्धतीत संकरापासून प्रसारित वाणापर्यंत दहा वर्षं सहज जातात. ही चिकाटी मुलीकडे आहे का, ते तिलाच विचारा.

तुमच्या शेतातही एक करा. वाळलेलं झाड उपटून मूळ-खोड उभं चिरा. आत तपकिरी-काळी रेघ असेल तर मर. मूळ कोरडं, ठिसूळ आणि तंतुमुळं गळालेली असतील तर कोरडी मूळकुज. तिची बुरशी वेगळी, त्यामुळे मरीला प्रतिकारक वाण पेरूनही झाडं जातील. बियाण्याला दोष देण्याआधी हे पाहाच.

आता नोकरी. हरभरा-तुरीचं बियाणं शेतकरी घरचंच राखू शकतो, म्हणून खासगी कंपन्यांचा पैसा मुख्यतः कापूस, मका, भाजीपाल्याच्या संकरित वाणांत असतो. कडधान्यांचं प्रजनन बहुतेक सरकारी आहे: राहुरी, अकोला, परभणी विद्यापीठाचं बदनापूर केंद्र, कानपूरची भारतीय कडधान्य संशोधन संस्था, शिवाय पाटणचेरूची आंतरराष्ट्रीय संस्था इक्रिसॅट. कायम जागा थोड्या आणि जाहिराती अनियमित. मधली काही वर्षं प्रकल्पातल्या हंगामी पदांवर काढावी लागू शकतात. हे धरूनच निर्णय घ्या.

माझं मत: एमएस्सी प्रजननात करावं, प्रबंध कडधान्याच्या रोगप्रतिकारावर घ्यावा आणि रोगशास्त्राचे विषय जोडीला ठेवावेत. मिरची-टोमॅटोच्या खासगी प्रजननातही रोगप्रतिकाराचंच काम मोठं असतं, तिथेही दार उघडं राहतं. निव्वळ रोगशास्त्र घेतलं तर बियाणे आरोग्य चाचणी, पीक संरक्षण कंपन्या हे मार्ग आहेत, पण वाण तिच्या हातून घडणार नाही. संख्याशास्त्राकडे मात्र तिने दुर्लक्ष करू नये. चाचण्यांचा निकाल त्यावरच लागतो.

बँकेची परीक्षा सोडायची गरज नाही. पदवीनंतर, एमएस्सी चालू असतानाही देता येते. प्रवेशासाठी राज्याची सीईटी आणि आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषद) पदव्युत्तर परीक्षा, दोन्ही द्याव्यात.

यंदाच्या रब्बीत तिला बदनापूरला मोजणीच्या कामात काही दिवस घालवू द्या. पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते, तेव्हा परवानगीचं पत्र कॉलेजमार्फत सप्टेंबरातच गेलेलं बरं.