बिनब्रेकच्या मोटारसायकलींच्या शर्यतीत ‘संघ’ कसा असतो? मँचेस्टरचा बेल व्ह्यू एसेस हा संघ 1928 पासूनचा आहे म्हणतात, त्याचा इतिहास काय?

प्रश्नाचा पहिला भाग आधी मिटवतो, कारण तो कळल्याशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही.

स्पीडवे म्हणजे मोटोक्रॉस नव्हे. पुण्या-नाशिककडे मातीतल्या ज्या शर्यती होतात त्यांत उड्या असतात, चढउतार असतात. इथे तसलं काही नाही. सपाट, लंबगोल, मातीचा ट्रॅक. गाडी 500 सीसीची, एकच गिअर, ब्रेक नाही, इंधन मिथेनॉल. चार रायडर, चार फेऱ्या, सगळी वळणं डावीकडे. शर्यत साधारण मिनिटभरात आटोपते. वळणावर मागचं चाक मुद्दाम बाहेर घसरवायचं, पुढचं उजवीकडे वळवून धरायचं आणि पोलादी तळ लावलेला डावा बूट जमिनीवर टेकवत जायचं. वेग कमी होतो तो याच घसरण्यामुळे, म्हणून ब्रेकचं कुणाचं अडत नाही. उलट पुढच्याने अचानक ब्रेक मारला तर मागचे तिघे त्याच्यावर जातील.

संघाचा हिशेब असा: एका शर्यतीला, म्हणजे ‘हीट’ला, दोन रायडर यजमानांचे आणि दोन पाहुण्यांचे. पहिल्याला 3 गुण, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1, चौथ्याला शून्य. म्हणजे हीटचे एकूण गुण 6. दोघंही जोडीदार पुढे राहिले तर 5-1, पहिला आणि तिसरा आले तर 4-2, पहिला आणि शेवटचा आले तर 3-3. आजच्या ब्रिटिश पद्धतीत सामन्याला 15 हीट असतात, म्हणून दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज सहसा 90 भरते. यजमानांची हेल्मेटं लाल आणि निळी, पाहुण्यांची पांढरी आणि पिवळी. नुसतं जिंकणं पुरत नाही, ते यातून लक्षात येईल. आपला जोडीदार तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यावा म्हणून पुढचा रायडर वेग किंचित आवरून प्रतिस्पर्ध्याची वाट अडवतो, आणि जोडीदार बाहेरून निघून जातो. या कलेसाठी ट्रॅक रुंद लागतो. बेल व्ह्यूची खरी गोष्ट इथूनच सुरू होते.

बेल व्ह्यू हे मँचेस्टरच्या गॉर्टन भागातल्या एका प्राणिसंग्रहालयाचं आणि करमणुकीच्या बागेचं नाव. शेजारच्या कर्कमन्सहल्म लेनवर ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यतींचं मैदान होतं. यांत्रिक सशामागे कुत्रे धावण्याची ब्रिटनमधली पहिली शर्यत 24 जुलै 1926 ला तिथेच झाली होती. फेब्रुवारी 1928 मध्ये लंडनजवळच्या हाय बीचला मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यती गाजल्या आणि त्याच उन्हाळ्यात कुत्र्यांच्या या मैदानावर मोटारसायकली आल्या. पुढच्याच वर्षी, मार्च 1929 मध्ये, बाग चालवणाऱ्यांनी स्वतःच्या आवारात हाइड रोडला खास ट्रॅक बांधला. लांबी 418 यार्ड, म्हणजे साधारण 382 मीटर. ऐसपैस आणि वेगवान. एसेस म्हणजे एक्के, पण माझ्या मते या संघाचा खरा हुकमाचा एक्का हा ट्रॅकच होता.

तेव्हाचे ट्रॅक कोळशाच्या राखेचे असत आणि थर जाड, भुसभुशीत असे. त्यात डग्लससारख्या जड गाड्या आणि डावा पाय मागे फरपटत न्यायची ढब चालून जाई. फ्रँक व्हेरी याच ढबीचा रायडर. अर्जेंटिनात त्याला ‘लाल सैतान’ म्हणत. पुढे जॅप कंपनीचं हलकं 500 सीसी इंजिन आलं, ट्रॅकवरचा थर पातळ झाला आणि पाय पुढे ठेवून चालवणाऱ्यांचे दिवस आले. हे बदल होत असताना बेल व्ह्यूने 1930 आणि 1931 ची नॉर्दर्न लीग घेतली, आणि 1933 ते 1936 सलग चार वर्षं नॅशनल लीग. नॅशनल ट्रॉफी तर 1933 ते 1937 अशी सलग पाच वर्षं त्यांच्याकडे होती. एरिक लँग्टन, व्हेरी, ऑस्ट्रेलियाचा मॅक्स ग्रॉसक्रॉइट्झ, बिल किचन हे त्या काळातले मोहरे. 1936 साली वेम्ब्लीला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली तेव्हा लँग्टन आणि लायनेल व्हॅन प्राग बरोबरीत आले. फेरलढतीत लँग्टन थोडक्यात हरला. मजा म्हणजे त्या रात्री ब्ल्यूई विल्किन्सनने आपली प्रत्येक हीट जिंकली होती, पण आधीच्या फेऱ्यांचे बोनस गुण धरायचा नियम असल्याने तो तिसरा ठरला.

दुसऱ्या महायुद्धात बाकीचे बहुतेक ट्रॅक बंद पडले, पण हाइड रोड चालू राहिला. व्यवस्थापक ई. ओ. स्पेन्स यांनी शनिवारच्या शर्यती थांबू दिल्या नाहीत. जागा स्वतःची, बागेत गर्दी तशीही होत असे, भाड्याची चिंता नाही. इतर क्लबांकडे हा आधार नव्हता. संघ इतकी वर्षं कसा टिकला, याचं अर्धं उत्तर मला तरी इथेच दिसतं.

1950 च्या दशकात पीटर क्रेव्हन आला. लिव्हरपूलचा, अंगाने अगदी लहान. त्याचा तोल असा होता की गाडी जणू आपणहून वळते आहे असं वाटे. 1955 आणि 1962 साली तो जगज्जेता झाला. 20 सप्टेंबर 1963 ला एडिंबरोच्या ट्रॅकवर समोर पडलेल्या रायडरला चुकवताना तो कुंपणावर आदळला आणि चार दिवसांनी गेला. त्याच हंगामात एसेस लीग जिंकले. त्याच्या नावाची स्मृतिस्पर्धा क्लब अजून भरवतो.

1969 ला न्यूझीलंडचा इव्हान मॉगर आला आणि 1970, 1971, 1972 अशा सलग तीन ब्रिटिश लीग बेल व्ह्यूच्या झाल्या. मॉगरच्या कारकिर्दीतल्या सहा जागतिक विजेतेपदांपैकी 1969, 1970 आणि 1972 ची इथली. पण श्रेय एकट्या मॉगरला देणं चूक ठरेल. व्यवस्थापक डेंट ऑलिव्हर स्वतः जुने रायडर. त्यांनी पोरं घडवली. पीटर कॉलिन्स, ख्रिस मॉर्टन, ॲलन विल्किन्सन, ख्रिस प्युसी ही नावं त्या पिढीची. मॉगर 1973 ला एक्सेटरला गेला तरी संघ कोसळला नाही तो या पोरांमुळे. कॉलिन्स 1976 ला पोलंडमध्ये जगज्जेता झाला, तोही वेस्लेक या इंग्लिश इंजिनावर. त्याआधी काही वर्षं चेकोस्लोव्हाकियाच्या जावाचा दबदबा होता. (होय, आपल्याकडे म्हैसूरहून पूर्वी येणाऱ्या येझदीची मूळ कंपनी तीच.) पुढच्या वर्षी मोडलेल्या पायाने उतरूनही कॉलिन्स दुसरा आला. याच ट्रॅकने हिसकावलंही: 1978 ला कर्णधार विल्किन्सन हाइड रोडवर पडला आणि त्याचं कमरेखालचं शरीर कायमचं लुळं झालं. 1982 ची लीग ही हाइड रोडवरची शेवटची.

प्राणिसंग्रहालय 1977 लाच बंद झालं होतं. एकदा तो आधार गेल्यावर जमीन विकली जाणार हे उघड होतं. 1 नोव्हेंबर 1987 ला हाइड रोडवर शेवटची स्पीडवे शर्यत झाली आणि जागा मोटारींचा लिलाव करणाऱ्या कंपनीकडे गेली. 1988 पासून संघ परत कर्कमन्सहल्म लेनच्या कुत्र्यांच्या मैदानावर, म्हणजे साठ वर्षांपूर्वी जिथून निघाला तिथेच.

जागा बदलली की संघ कसा बदलतो, ते इथे बघा. ग्रेहाउंडचा ट्रॅक बाहेरून, स्पीडवेचा त्याच्या आत. त्यामुळे स्पीडवेचा ट्रॅक आखूड झाला आणि प्रेक्षक लांब गेले. आखूड ट्रॅकवर मागचं स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चाक) जास्त दातांचं लावावं लागतं, म्हणजे उठाव झटकन मिळतो, पण वरचा वेग घटतो. लांब ट्रॅकवर बरोबर उलटं. हाइड रोडवर कुंपणालगत बाहेरून भरधाव जाणाऱ्या रायडरना इथे पहिल्या दहा-पंधरा मीटरवर सगळं ठरवावं लागे. सुरुवातीच्या रेषेवर आडवी लावलेली फीत उडताना क्लच सोडायला क्षणभर उशीर झाला तर पुढे जागा मिळत नाही. क्लच फार लवकर सोडला तर पुढचं चाक उचलतं, किंवा फितीला स्पर्श होऊन शिक्षा होते. 1993 ची लीग जो स्क्रीन, जेसन लायन्स वगैरेंनी या ट्रॅकवर जिंकली, त्याचं मला म्हणूनच जास्त कौतुक वाटतं. जेसन क्रम्प 2004 ला जगज्जेता झाला तोही एसेसकडून खेळत असताना, आणि 2005 ला नॉकआउट कप आला.

2016 ला शेजारीच नॅशनल स्पीडवे स्टेडियम उभं राहिलं. 6,000 प्रेक्षकांची सोय, 347 मीटरचा ट्रॅक, खास या खेळासाठी. आणि 19 मार्चला, उद्घाटनाच्याच दिवशी, ट्रॅक धोकादायक ठरून शर्यती रद्द झाल्या! बाहेरच्यांना हसू आलं, पण ट्रॅक बनवणाऱ्यांना हे दुखणं ठाऊक असतं. वरचा थर म्हणजे बारीक दगडाची भुकटी आणि चिकणमातीचं मिश्रण. त्याला खालच्या पाया-थरावर नीट बसायला पाणी, रोलर आणि दिवस लागतात. पाया एकसारखा दाबला गेला नाही तर वळणावर चाकं एकाच जागी खोदत जातात, खड्डा पडतो, आणि घसरतं चाक त्या खड्ड्यात अचानक पकड घेतं. तेव्हा रायडर वरून उडतो. पाणी जास्त झालं तर ढेकळं उठतात. कमी झालं तर धूळ होते आणि वरची माती बाहेर फेकली जाऊन आतला भाग गुळगुळीत पडतो, मग कुणीच कुणाला ओलांडू शकत नाही. वानखेडेच्या क्युरेटरला हे सांगावं लागणार नाही. फरक इतकाच की इथली खेळपट्टी दर हीटला उखडली जाते आणि ट्रॅक्टरने पुन्हा सारखी करावी लागते.

त्या वर्षी एसेस अंतिम फेरीत हरले आणि पाठोपाठ क्लबची मालकी बदलली. 2017 ला नॉकआउट कप, आणि 2022 व 2024 ला लीगचं विजेतेपद. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनने राष्ट्रांची जागतिक स्पर्धा याच मैदानावर जिंकली, त्या संघात डॅन ब्यूली होता, तो इथेच तयार झालेला.

तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी: हंगाम साधारण मार्च ते ऑक्टोबर, सामने बहुतेक सोमवारी संध्याकाळी. इंजिनं सुरू झाली की ओळखीचा वास येईल. तो एरंडेलाचा. मिथेनॉलमध्ये खनिज तेलं नीट मिसळत नाहीत, म्हणून या इंजिनांना पूर्वीपासून एरंडेलाचं वंगण देतात, आणि जगातलं सर्वाधिक एरंडेल भारतात पिकतं. उभं राहायचं तर वळणाच्या बाहेरच्या बाजूला, तिथे ओलांडाओलांडी दिसते. फक्त पांढरा शर्ट घालून जाऊ नका, माती थेट अंगावर येते.