न्युरेम्बर्गचा सम्राटांचा किल्ला

प्रश्न : जर्मनीतील न्युरेम्बर्गचा किल्ला नुकताच पाहिला. तेथील चॅपेलच्या वरच्या मजल्यावर, जमिनीच्या मधोमध मोठी मोकळी जागा सोडलेली आहे. शिवाय पंचकोनी बुरुजाजवळचा बराच भाग रिकामाच दिसतो. यांमागे काय कारण असावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही गोष्टी मुद्दाम थांबून पाहाव्यात अशाच आहेत. पवित्र रोमन साम्राज्याच्या सम्राटांना कायमची राजधानी नव्हती; दरबार एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी फिरत असे आणि वालुकाश्माच्या कड्यावरचा हा किल्ला त्यांच्या प्रमुख मुक्कामांपैकी एक होता. 1356 च्या ‘गोल्डन बुल’ या फर्मानाने तर प्रत्येक नव्या राजाने आपली पहिली राजसभा न्युरेम्बर्गलाच भरवावी, असे ठरवून दिले.

1200 च्या सुमारास बांधलेले चॅपेल या दरबाराची उतरंडच दगडात मांडते. खालच्या मजल्यावर आखूड, जाडजूड खांब आणि अंधूक उजेड आहे, तर वर सडपातळ संगमरवरी खांबांमुळे सारे हलके आणि उजळ वाटते. खाली सामान्य सेवकवर्ग आणि वर मानकरी बसत. सम्राट मात्र त्यांच्याही वर, पश्चिमेकडील सज्जात बसे आणि त्या सज्जात त्याला राजवाड्यातूनच येता येई. आपण पाहिलेल्या पोकळीमुळे दोन्ही मजल्यांवरच्या लोकांना एकच उपासना ऐकता येई, पण त्यांची सरमिसळ होत नसे. दुसऱ्या महायुद्धात राजवाडा उद्ध्वस्त झाला आणि पुढे तो पुन्हा बांधावा लागला. हे चॅपेल बचावले, हे मोठेच भाग्य म्हणायला हवे.

बाहेरच्या चौकातली विहीरही अशीच निरखून पाहावी. ती सुमारे 50 मीटर खोल, अखंड खडकात खोदलेली आहे. वरून ओतलेले पाणी तळाशी आपटल्याचा आवाज येईपर्यंत तीन सेकंदांहून अधिक वेळ जातो, आणि वेढ्याच्या काळात या विहिरीचे मोल काय असेल, ते तेवढ्या शांततेत नीट कळते.

आता रिकाम्या भागाविषयी. गडावर सम्राटाशिवाय त्याचा किल्लेदार, म्हणजे बुर्गग्राफ, याचा स्वतंत्र कोट होता. पंचकोनी बुरूज हा त्याचाच अवशेष. हे किल्लेदारपद होहेनत्सोलर्न घराण्याकडे होते आणि शहराशी त्यांचे वैर इतके वाढले की, 1377 मध्ये शहराने त्यांच्या कोटाला अगदी खेटून ‘लुगिन्सलांड’ हा टेहळणीचा उंच मनोरा उभारला. 1420 मध्ये किल्लेदाराचा कोट आगीत भस्मसात झाला आणि 1427 मध्ये उरलेले अवशेष शहराने विकत घेतले. पंचकोनी बुरूज आणि लुगिन्सलांड यांच्यामध्ये 1494-95 मध्ये शहराने धान्याचे प्रचंड कोठार बांधले. कोटाची उरलेली जागा मात्र पुन्हा भरली गेली नाही आणि तीच आपल्याला मोकळी दिसली.