पोकरसाठी नोकरी सोडावी का?

पुण्यातील एका कंपनीत 4 वर्षे 5 महिने नोकरी केलेल्या वाचकाने विचारले आहे की, राजीनामा देऊन पूर्णवेळ पोकर खेळणे कायद्याच्या दृष्टीने कितपत सुरक्षित आहे? ते आजवर ऑनलाइन आणि गोव्यातील कॅसिनोत खेळत आले आहेत. एक मित्र त्यांना 10 लाख रुपये भांडवल देणार असून, नफ्यात निम्मा वाटा आणि तारण म्हणून सही केलेला कोरा धनादेश मागत आहे.

पैसे लावून ऑनलाइन खेळण्याचा मार्ग आपण आता हिशेबातच धरू नये. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने असे खेळ, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, पुरवण्यास बंदी घातली आहे. खेळाडूला त्यात शिक्षा नाही आणि या कायद्याला न्यायालयात आव्हानही दिले गेले आहे. परंतु त्या निकालाच्या भरवशावर चालू पगार सोडणे मला मान्य नाही.

राहतो प्रत्यक्ष टेबलावरचा खेळ. गोव्यात परवानाधारक कॅसिनोत तो वैध आहे. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळतो आणि सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये रमीला कौशल्याचा खेळ मानले. मात्र पोकरला गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये जुगारच ठरवले. त्यामुळे पुण्यातील एखाद्या फ्लॅटवर रंगणाऱ्या खेळात बसू नये, कारण जुगाराच्या अड्ड्यावर नुसते सापडलात तरी आपण खेळण्यासाठीच आला होतात, असे कायदा गृहीत धरतो.

खरी अडचण प्राप्तिकराची आहे, आणि तिच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. पत्त्यांच्या खेळातील जिंकलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर लागतो. त्यातून खर्च वजा होत नाही आणि हरलेली रक्कमही वळती करता येत नाही. समजा, वर्षभरात एका स्पर्धेत आपण 6 लाख जिंकलात आणि इतर स्पर्धांच्या प्रवेश शुल्कात 5 लाख गमावलेत, तर हाती उरला 1 लाख. पण कर पूर्ण 6 लाखांवर, म्हणजे 1,87,200 रुपये. जिंकूनही आपण 87,200 रुपयांनी तोट्यात जाता. नियमित पण माफक नफा मिळवणाऱ्या खेळाडूला ही तरतूद उभेच राहू देत नाही, म्हणून माझा स्पष्ट सल्ला राजीनामा न देण्याचा आहे.

तरीही निर्णय झालाच असेल, तर निदान 5 वर्षांची सेवा पूर्ण करावी. त्याआधी सोडल्यास ग्रॅच्युइटीचा हक्क धोक्यात येतो, आणि भविष्य निर्वाह निधी काढल्यास त्यावर करही बसू शकतो.

मित्राशी होणारा करार मात्र आजच थांबवावा. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 नुसार पैजेचा करार निरर्थक असतो, आणि जुन्या मुंबई इलाख्याच्या 1865 च्या कायद्याने पैजेला पूरक असे करारही निरर्थक ठरवले आहेत. उद्या मित्राने हात आखडता घेतला, तर ठरलेले भांडवल मागण्यासाठी आपल्याला न्यायालयात भक्कम आधार मिळणार नाही. उलट तो कोरा धनादेश रक्कम भरून वटवायला टाकला गेला आणि परत आला, तर तो कायदेशीर देण्यापोटीच दिला होता असे न्यायालय आधी गृहीत धरते आणि तसे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो. धनादेश आधीच दिला असेल, तर त्याचा क्रमांक नमूद करून तो लेखी परत मागावा आणि बँकेला त्याचे प्रदान थांबवण्याची लेखी सूचना द्यावी.