रेड सिग्नलचं चलन आलंय? आधी फोटो बघ, मग पैसे

अरे, घाईघाईत ऑनलाईन भरून मोकळा होऊ नकोस. एकदा भरलंस की तू गुन्हा मान्य केला असंच धरतात आणि विषय तिथेच संपतो. आधी परिवहनच्या ई-चलन साईटवर जा, गाडीचा नंबर टाक आणि फोटो मोठा करून बघ, नंबर तुझाच आहे ना, ८ चा ३ तर वाचला नाही ना, गाडीचा रंग मॉडेल तेच आहे ना, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सिग्नल लाल झाला तेव्हा तुझी पुढची चाकं स्टॉप लाईनच्या अलीकडे होती की आधीच पलीकडे गेली होती. गोव्यात पणजीजवळच्या मेरशी जंक्शनसारख्या मोठ्या चौकात पुढे ट्रक अडकला की माणूस हिरव्यात शिरतो आणि मधेच सिग्नल लाल होतो, ते रेड जंप नव्हे, पण नुसतं तोंडी सांगून कोण ऐकणार? डॅशकॅम (गाडीत लावलेला रस्त्याचं रेकॉर्डिंग करणारा कॅमेरा) असेल तर क्लिप आजच्या आज सेव्ह कर, त्यावर नवीन रेकॉर्डिंग चढतं.

कॅमेऱ्याच्या चलनासाठी २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७अ आला, त्यात फोटोवर तारीख, वेळ, जागा आणि नंबर प्लेट दिसायलाच पाहिजे असं आहे. यातलं काही नसेल तर तेच तक्रारीत लिही, साईटवर तक्रारीची सोय आहे. नाही ऐकलं तर कोर्ट. पण फोटोत तू खरंच लाल असताना लाईन ओलांडलेली दिसत असेल तर सरळ भर बाबा, मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये १००० ते ५००० दंड आणि तुरुंगाचीही तरतूद आहे, उगाच ताणू नकोस.