मल्लिनाथ की मल्लीकुमारी?

प्रश्न : माझं माहेर सांगलीकडचं, दिगंबर जैन. सासर पुण्यातलं, श्वेतांबर. माझी आई नातीला सांगते, बाईला त्याच जन्मी मोक्ष नाही, आधी पुरुषजन्म घ्यावा लागतो. सासूबाई म्हणतात, एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ मुळात राजकन्याच होत्या. नववीतली लेक विचारते, खरं काय? – एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, मी अर्धमागधी शिकवायचे आणि जन्माने तुमच्या आईंच्याच पंथाची, तेव्हा आधी त्यांची बाजू. दिगंबरांच्या मते मोक्षाला संपूर्ण अपरिग्रह, म्हणजे जवळ काहीच न बाळगणं, हवं आणि अंगावरचं वस्त्रही परिग्रहच. मुनी ते सोडतात. आर्यिकेला, म्हणजे दिगंबर साध्वीला, पांढरी साडी ठेवावी लागते, म्हणून तिची महाव्रतं, म्हणजे संन्यासाची व्रतं, उपचारापुरती धरतात. सगळं घोडं त्या साडीपाशी अडतं. दिगंबरांच्या कुंदकुंदाचार्यांच्या सुत्तपाहुड या ग्रंथात स्त्रीदेहातल्या सूक्ष्म जीवांचंही कारण दिलंय. ते मला कधीच पटलं नाही.

सासूबाईंची कथा ज्ञाताधर्मकथा या श्वेतांबर आगमग्रंथातली. मिथिलेच्या मल्लीसाठी सहा राजे चालून आले. तिने स्वतःसारखी सोन्याची पोकळ मूर्ती घडवून घेतली, रोज जेवणातला घास तीत टाकत राहिली आणि राजांसमोर झाकण काढलं. राजांनी नाकाला शेले लावले. देहाची आसक्ती सुटायला तेवढं पुरलं. पण मल्लीला स्त्रीजन्म का आला? तर पूर्वजन्मी मित्रांना फसवून जास्तीचे उपास केले म्हणून! म्हणजे मोक्ष दिला, तरी बाईपण ही शिक्षाच. हे सासूबाईंना विचाराच, पण जरा बेतानं.

लेकीला यापनीय या तिसऱ्या जैन पंथाबद्दलही सांगा. तुमच्या माहेरापासून लांब नाही, बेळगावकडेही त्यांचे शिलालेख सापडतात. त्यांचे मुनी दिगंबरांसारखे नग्न, तरी स्त्रीला मोक्ष मान्य. त्यांच्या शाकटायनाचार्यांनी नवव्या शतकात या एका प्रश्नावर ‘स्त्रीनिर्वाणप्रकरण’ लिहिलं. मुनीच्या हातातली मोरपिसांची पिंछी, म्हणजे जीवजंतू अलगद बाजूला सारायचा कुंचा, संयमाचं साधन म्हणून चालते, मग साध्वीचं वस्त्र का चालू नये, असा त्यांचा सवाल. मला तो बिनतोड वाटतो. पुढे हा पंथच लोपला.

एक गोष्ट मात्र आई आणि सासूबाई, दोघींनाही मान्य असेल. या पंचमकाळात, म्हणजे सध्याच्या पडत्या युगात, भरतक्षेत्रातून, म्हणजे आपल्या या भूमीतून, कुणालाच मोक्ष नाही; मोक्षाला गेलेले जंबूस्वामी शेवटचे. तेव्हा तूर्त तुमचे यजमानही लेकीच्याच रांगेत उभे आहेत.