गाडीत पहिल्यांदाच स्पीकर बसवताय?

सगळं बजेट सबवूफरवर (फक्त खोल बाससाठीचा मोठा स्पीकर) उडवू नका. आधी पुढच्या दारांचे स्पीकर चांगले घ्या, मागचे राहू देत. खोक्यावरचा '३०० वॅट' विसरा, आरएमएस, म्हणजे स्पीकर सतत पेलू शकतो ती ताकद बघा. वेगळा अँप्लिफायर नसेल तर सेन्सिटिव्हिटी (ठरावीक ताकदीत स्पीकर किती मोठ्यानं वाजतो ते) ९० डेसिबलच्या आसपास हवी. स्टिरिओची ताकद बेताचीच असते.

खरी मेहनत दारात घ्या:

- पत्र्यावर डॅम्पिंग शीट (थरथर कमी करणारी चिकट शीट) दाबून चिकटवा.
- आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद करा. तळाची, पाणी निचरायची मात्र मोकळीच ठेवा.
- स्पीकरच्या कडेला फोमची पट्टी लावा.

एवढ्यानं साधा स्पीकरसुद्धा भरीव वाजतो, खरंच करून बघा!

जोडताना प्लस-मायनस तपासा. एका बाजूचं उलटं झालं की बास गायब होतो आणि लोक चांगले स्पीकर बदलत बसतात. क्रॉसओव्हर, डीएसपी वगैरे आवाज वाटायच्या-जुळवायच्या गोष्टी नंतर बघू.